'ऑफिशियम' ही रेकॉर्ड ॲपवर ऐकू नका

गाण्यांच्या ॲपच्या कस्टमर केअरशी वाद घालून दमलो, म्हणून हे लिहितोय. फुकटात ऐकताना जाहिराती येणार, हे मान्य. पण महिन्याचे पैसे भरूनही एका ट्रॅकचा शेवट पुढच्यात मिसळतो आणि उत्तर एकच मिळतं, 'ॲप अपडेट करा'. सिनेगीतांना ते चालून जाईल. हिलिअर्ड ऑन्सांबल या चार ब्रिटिश गायकांच्या गटाच्या 'ऑफिशियम' या रेकॉर्डला चालत नाही.

कारण तिचा निम्मा जीव त्या शेवटच्या सेकंदांत आहे. १९९३ मध्ये ऑस्ट्रियातल्या सांक्ट गेरोल्डच्या मठात हे ध्वनिमुद्रण झालं. चौघे गायक थांबतात, तरी सूर त्या वास्तूत घुमत राहतो, हळूहळू विरतो. त्यांच्या जोडीला असलेल्या नॉर्वेच्या यान गार्बारेकचा सॅक्सोफोन कधीकधी नेमका त्या विरणाऱ्या सुरातूनच उठतो. ॲप कात्री लावतं ती तिथेच.

पहिले काही आठवडे मात्र मला सॅक्सोफोनच नको होता. सोळाव्या शतकातल्या मोरालेस या स्पॅनिश संगीतकाराची, मृतांसाठीच्या प्रार्थनेतली 'पार्चे मिही डोमिने' ही रचना इतकी भरीव आहे की तिच्यावर आणखी काही कशाला, असं वाटायचं. ती रेकॉर्डवर तीनदा येते, मधल्या खेपेला फक्त गळे. ती वारंवार ऐकली आणि मत पालटलं. रचना एकटीही पूर्ण आहेच, पण गार्बारेक तिच्यावर चढत नाही, पाचवा गायक होऊन चौघांत उभा राहतो.

रागदारी ऐकणाऱ्याला पेरोतां या मध्ययुगीन फ्रेंच संगीतकाराची 'बेआता व्हिसेरा' आधी पटेल. १२०० च्या आसपासची, एकाच सुरावटीची चाल. सगळा भार सुराच्या लगावावर. हे लोक सूर सरळ लावतात, उगाच थरथरवत नाहीत. आपल्या काळातल्या आर्व्हो प्यार्ट या एस्टोनियन संगीतकाराचं 'पासिओ' यांनी १९८८ मध्ये रेकॉर्ड केलं, तिथेही हाच गळा. म्हणून सातशे-आठशे वर्षांचं अंतर कानाला बोचत नाही. याच पाच जणांच्या २०१० च्या 'ऑफिशियम नोव्हम' या रेकॉर्डमध्ये कोमितासचं आर्मेनियन संगीत आहे, तेही सुंदर, पण मी परत येतो ते पहिल्याकडेच.

१९७४ पासून गाणारा हा गट २०१४ च्या डिसेंबरात थांबला, त्यामुळे आता रेकॉर्डवरच भिस्त. मी ॲप बंद करून जुनी सीडी मागवली. दर महिन्याला पैसे भरून अर्धवट ऐकण्यापेक्षा एकदाच खर्च केलेला परवडला. नव्याने ऐकणार असाल तर आधी आठवा ट्रॅक, म्हणजे फक्त गळ्यांची 'पार्चे मिही' लावा, मग सॅक्सोफोनसह पहिला. आणि ट्रॅक संपला तरी लगेच बटणाकडे हात नेऊ नका.