घोडबंदरच्या गच्चीवर सेकंड-हँड मोनो कॅमेरा

कॅमेरा घरी आणला तेव्हा बायकोने विचारलं, "यात चंद्र तरी रंगीत दिसेल ना?" नाही दिसत. काळा-पांढराच आहे, आणि मला तेच हवं होतं. फोटो छान यायला नको होते, ताऱ्यांचा उजेड मोजायचा होता.

आमच्या गच्चीवरून दक्षिणेकडे मुंबईच्या दिव्यांची पिवळट साय. तरी मार्चमध्ये पाच इंची दुर्बिणीला लावून एचडब्ल्यू व्हर्जिनिस पकडला. कन्या राशीतला साडेदहा प्रतीचा ठिपका (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा फिका). खरं तर दोन तारे, 2 तास 48 मिनिटांत एकमेकांभोवती फेरी. तीस-तीस सेकंदांचे फोटो, शेजारच्या स्थिर ताऱ्याशी तुलना. लॅपटॉपवर उजेडाच्या आलेखातली ठिपक्यांची रांग सरळ चाललेली, ती 1 वाजता जी घसरली! लहान थंड तारा आडवा आला आणि जवळजवळ निम्मा उजेड गायब. वीसेक मिनिटांत सगळं आटोपलं. वॉचमन डोकावून म्हणाला, "साहेब, शेअर पडला का?"

तक्रार एकच, पण मोठी: यूएसबीचं सॉकेट ढिलं. केबल हलली की फोटो थांबतात, म्हणून रबरबँडने आवळतो. विकणाऱ्याने याबद्दल चकार शब्द काढला नाही.

एएम कॅनम व्हेनॅटिकोरम या दुसऱ्या जोडताऱ्याच्याही वाटेला गेलो. चक्र जेमतेम 17 मिनिटांचं, पण 14 प्रतीचा तारा आणि बारीक चढउतार. ठाण्याच्या उजेडात बुडाला. त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. 5 मिनिटं 21 सेकंदांच्या चक्राचा जोडतारा एचएम कॅन्क्री तर 21 प्रतीचा, त्याचं नावच नको.

चौदा हजार मोजले. सॉकेट बघितलं असतं, तर दहाच्या वर गेलो नसतो.