मदरबोर्ड बदलल्यावर विंडोजचं लायसन्स पुन्हा चालू करणं: सात महिन्यांनंतर

सात महिन्यांपूर्वी पीसीचा मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलली. एसएसडी, म्हणजे विंडोज असलेली डिस्क, जुनीच ठेवली आणि विंडोज ११ पहिल्याच फटक्यात सुरू झालं. खूश होतोय तोवर साइन-इनचा पिन चालेना! हा पिन टीपीएमशी, म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणाऱ्या सुरक्षा चिपशी, बांधलेला असतो आणि ते टीपीएम जुन्या हार्डवेअरबरोबर गेलेलं. आता मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड हवा, आणि तो शेवटचा कधी टाइप केला होता ते देवाला ठाऊक. मोबाइलवरून रीसेट करून एकदाचा आत शिरलो.

थोड्या वेळाने स्क्रीनच्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' उमटलं. वॉलपेपर, थीम, रंग बदलायची सोय बंद. बाकी सगळं काम नेहमीसारखं चालू. विंडोज मशीनची ओळख प्रामुख्याने मदरबोर्डवरून ठरवतं. त्यामुळे डिस्क तीच असली तरी त्याच्या लेखी हा वेगळाच पीसी होता.

सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग ॲक्टिव्हेशन, तिथला ट्रबलशूटर, आणि त्यात 'अलीकडे हार्डवेअर बदललं' हा पर्याय. ही सोय २०१६ मध्ये विंडोज १० च्या ॲनिव्हर्सरी अपडेटबरोबर आली. माझा पहिला प्रयत्न वाया गेला. चूक माझीच: रोज ज्या साध्या खात्यातून काम करतो, तिथूनच सुरू केलं होतं. ॲडमिन खातं लागतं, आणि लायसन्स ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलंय तेच साइन-इनसाठी हवं. दुसऱ्यांदा त्या खात्याला जोडलेल्या मशीनची यादी आली, तर तिच्यात 'डेस्कटॉप' आणि पुढे अक्षरांची खिचडी अशा नावांची तीन मशीनं. यातलं माझं कोणतं? अंदाजाने एक निवडलं, ते नेमकं लागलं आणि वॉटरमार्क गेला. तुम्ही मात्र बोर्ड काढण्याआधी पीसीला ओळखू येईल असं नाव द्या.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे लायसन्स कोणत्या प्रकारचं आहे ते आधी बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एसएलएमजीआर /डीएलआय' (अर्थात इंग्रजी अक्षरांत) टाकलं की खिडकीत चॅनल, म्हणजे लायसन्स कुठल्या मार्गाने आलं ते, दिसतो. माझा रिटेल (स्वतंत्र विकत घेतलेलं) होता, म्हणून निभावलं. ओईएम (पीसीबरोबरच मिळालेलं) असेल तर ते लायसन्स ज्या मशीनबरोबर आलं त्याच्याशीच बांधलेलं असतं. नव्या बोर्डासाठी नवं घ्यायची तयारी ठेवा. विंडोजच्या होम आवृत्तीचं लायसन्स प्रो आवृत्तीवर चालत नाही, हेही ध्यानात असू द्या. रिटेल झालं तरी एका वेळी एकाच मशीनवर. म्हणून जुना बोर्ड भाच्याला दिला तेव्हा त्याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टम टाकली. त्याची काही तक्रार नाही, उलट मलाच शिकवत असतो.

त्यानंतर ग्राफिक्स कार्ड बदललं, दुसरी एसएसडी बसवली. ॲक्टिव्हेशन जागचं हललं नाही. दणका बसला तो बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटनंतर. मध्यंतरी बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू केलं होतं, त्याने सुरू होतानाच ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. खात्यात जतन झालेली होती, म्हणून मोबाइलवर बघून एकेक अंक टाकला, दोनदा चुकून. आता बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर तात्पुरतं थांबवतो, आणि ती की कागदावर लिहून ड्रॉवरमध्ये ठेवली आहे.