६ मिनिटांत फुल्ल चार्ज आणि माझे ५,२५,९०० रुपये

बॅटरी कंपनीच्या शेअरच्या नावाखाली आमचे किती बुडाले, तो आकडा आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिणं जरा सोपं जाईल. पहिल्यांदा ७२,५००, दुसऱ्यांदा २,९०,०००, मेव्हण्याचे १,४५,००० आणि शेवटी ‘स्टॅम्प ड्युटी व ट्रान्स्फर चार्ज’ म्हणून १८,४००. एकूण ५,२५,९००. यातले दोन लाख बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून उचललेले.

मी कराडकडचा. २३ वर्षं वायरिंगची कामं घेतोय, सरकारी लायसन्स आहे. लोकांच्या घरचा लोड, म्हणजे किती वीज लागेल ते, काढून देणं हे माझं पोट. हे मुद्दाम सांगतोय, का ते पुढं कळेल.

स्कीमचा साचा तुम्हाला पाठ असेल. सोडियमची सॉलिड-स्टेट (आत द्रव नसलेली) बॅटरी, अनलिस्टेड म्हणजे बाजारात अजून न आलेला शेअर १४५ रुपयांना, मार्च २०२५ मध्ये आयपीओ म्हणजे बाजारात पहिली विक्री, ६०० च्या खाली उघडणारच नाही. व्हॉट्सॲप ग्रुप, ‘सर’, रोज सकाळी कुणाच्या तरी नफ्याचा स्क्रीनशॉट. मला आणलं माझ्याच आयटीआयच्या मित्रानं. त्याचेही बुडाले, म्हणून त्याला शिव्या देता येत नाहीत.

हावरट म्हणा, पण बातम्या खोट्या नव्हत्या ना! २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल लिथियम बॅटरीला मिळालं. केंद्रानं बॅटरी सेलच्या कारखान्यांसाठी १८,१०० कोटींची योजना काढली. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतल्या रियासीला ५९ लाख टन लिथियमच्या साठ्याचा अंदाज जाहीर झाला. रिलायन्सनं फॅरेडियन ही सोडियम बॅटरीची ब्रिटिश कंपनी १० कोटी पौंडांना घ्यायचं ठरवलं. हे सगळं ‘सरां’नी पडद्यावर दाखवलं आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. या खऱ्याच्या ढिगात त्यांनी आपली एक कंपनी सरकवली.

सॉलिड-स्टेट बॅटरी बनवू पाहणाऱ्या क्वांटमस्केप या अमेरिकन कंपनीच्या शेअरचा आलेखही दाखवला. १० डॉलरवरून १३० च्या वर. आलेख डिसेंबर २०२० ला संपत होता. पुढचा भाग लेकीनं नंतर मोबाइलवर काढून दाखवला. दोन वर्षांत तो शेअर ६ डॉलरच्या आसपास आला होता. ती कंपनी खरी, तिथले शास्त्रज्ञ खरे, तरी ही गत. कुणी आलेख दाखवला की त्याची शेवटची तारीख बघा.

आता तो क्षण. ऑगस्ट २०२४, रविवार, चाकणजवळच्या एका हॉटेलचा हॉल. स्टेजवर स्कूटर. बॅटरी ३ युनिटची, डिस्प्लेवर १२ टक्के. प्लग लावला, मोठं घड्याळ सुरू केलं, ६ मिनिटांत १००. टाळ्या. मी पहिल्या रांगेत होतो. वायर पायात येत होती, म्हणून मीच ती हातानं उचलून बाजूला केली.

साधी सोळा अँपिअरची पिन. एक्स्टेन्शन बोर्डावर, शेजारी कूलर लावलेला. वायर हाताला कोमटसुद्धा लागली नाही.

१२ चे १०० म्हणजे २.६४ युनिट. ती ६ मिनिटांत भरायची तर २६ किलोवॉट लागतात, २३० व्होल्टवर जवळजवळ ११५ अँपिअर. सोळाच्या पॉइंटमधून जास्तीत जास्त पावणेचार किलोवॉट मिळतात, म्हणजे पाऊण तास तरी लागलाच असता. हे गणित मी रोज झोपेतसुद्धा करतो. त्या दिवशी केलं नाही. टाळ्या वाजवल्या. बॅटरी आधीच भरलेली होती आणि खोटा होता तो डिस्प्ले, हे कळलं खूप नंतर, रात्री तीन वाजता, अंथरुणात.

मेव्हणा एवढंच म्हणाला होता, “दाजी, तुम्ही स्वतः बघितलंय ना? मग झालं.”

बाकीच्या खुणाही होत्याच. नावापुढं नुसतं ‘लिमिटेड’ असलेली कंपनी कागदी शेअर सर्टिफिकेट देते? २ ऑक्टोबर २०१८ पासून अशा कंपन्यांना शेअर डीमॅटमध्येच, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खात्यातच, द्यावे लागतात. आम्हाला जाड कागद दिला, सोनेरी कडेचा. मी तो लॅमिनेट करून घेतला! स्टॅम्प ड्युटीचं तर बोलूच नका. शेअरच्या हस्तांतरावर ती ०.०१५ टक्के असते. आमच्या ५,०७,५०० वर झाली असती ७६ रुपये. आम्ही भरले १८,४००. आणि खासगीत शेअर द्यायचे तर वर्षाला २०० जणांची मर्यादा आहे, आमच्या ग्रुपात ६१२ जण होते.

मार्चमध्ये ग्रुप बंद, फोन बंद. मग सुरू झाली वारी. पोलीस ठाण्यात म्हणाले, ऑनलाइन पैसे गेले ना, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही हॉलमध्ये जाऊन, माणूस बघून पैसे दिलेत, हे आर्थिक गुन्ह्यांकडे. तिथं कळलं की आमची रक्कम त्यांच्या मर्यादेच्या खाली आहे, परत ठाण्यात जा. म्हणजे आणखी बुडायला हवे होते! बँकेत मॅनेजर म्हणाले, ट्रान्स्फर तुम्हीच केलंय, ओटीपी तुमचाच. शेअर बाजाराच्या तक्रार पोर्टलवरून उत्तर आलं की कंपनी लिस्टेड नाही, तक्रार बंद. लिस्टेड नाही हीच तर तक्रार आहे, बाबांनो. ठाण्यात एक गोष्ट मात्र मन लावून समजावली, की ४२० कलम आता ३१८ झालंय. पाच महिने अर्ज ‘चौकशीत’ आहे.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा तर त्याच दिवशी, त्याच तासाला करा, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत. मी ‘सर आजारी असतील’ म्हणत तीन आठवडे घालवले.

मागच्या गुरुवारी पुरावा म्हणून डेमोचा व्हिडिओ घेऊन गेलो. हवालदारांनी सहाच्या सहा मिनिटं बघितला आणि म्हणाले, “गाडी तर चार्ज होतीये की. मग फसवणूक कुठं?”

येत्या गुरुवारी परत बोलावलंय. वायरमधला करंट मोजायचं क्लॅम्प मीटर घेऊन जाणार आहे.