व्हीजेटीआय: एका लिफ्टवाल्या बापाचा अभिप्राय

माझी थोरली लेक माटुंग्याच्या व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी स्वतः आयटीआय इलेक्ट्रिशियन, धंदा लिफ्ट दुरुस्तीचा, राहायला भांडुपला. सीईटीचा निकाल लागला की बिल्डिंगमधून, गावाकडून, ज्यांच्या लिफ्ट सांभाळतो त्या सोसायट्यांमधूनही फोन सुरू होतात. "भाऊ, कॉलेज कसं आहे? खरंच स्वस्तात होतं का?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून टाकतो.

आधी पैशाचं. लोक याला सरकारी कॉलेज म्हणतात, पण कागदोपत्री ते शासन अनुदानित आणि स्वायत्त आहे. १८८७ साली गिरण्यांना शिकलेले कारागीर हवेत म्हणून भायखळ्याला सुरू झालं, १९२३ पासून माटुंग्यात आहे. व्हिक्टोरिया ज्युबिलीचं १९९७ मध्ये वीरमाता जिजाबाई झालं, पण आद्याक्षरं तीच राहिल्यामुळे टॅक्सीवाल्यांना काही फरक पडला नाही. अनुदान असल्यामुळे फी आवाक्यात राहते. ओपनमधल्या मुलाला वर्षाला साधारण ८० ते ९० हजारांच्या घरात पडते. मुंबईतल्या नावाजलेल्या खाजगी कॉलेजात हाच आकडा दोन लाखांकडे जातो, कुठे त्याच्याही पुढे. चार वर्षांचा हिशोब लावला तर फरक चार-साडेचार लाखांच्या आसपास. आमच्यासारख्याच्या घरात ही रक्कम म्हणजे धाकट्याचं शिक्षण.

पण फीचं गणित आता सगळ्यांना सारखं नाही, आणि इथेच बरेच पालक जुन्या माहितीवर निर्णय घेतात. जुलै २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढला: ज्या मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे आणि ज्या ओबीसी, एसईबीसी (मराठा) किंवा ईडब्ल्यूएसमधून (ओपनमधले आर्थिक दुर्बल) येतात, त्यांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आमच्या लेकीला पहिल्या वर्षी ओबीसी म्हणून निम्मं शिक्षण शुल्क भरावं लागलं होतं, दुसऱ्या वर्षापासून तेही गेलं. मात्र ही माफी खाजगी कॉलेजातही लागू आहे, प्रवेश कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, झालेला असला की पुरे. म्हणजे अशा घरातल्या मुलीसाठी "व्हीजेटीआय स्वस्त" या कारणात आता पूर्वीइतका दम उरलेला नाही. डेव्हलपमेंट फी आणि बाकीचे किरकोळ आकार तेवढे दोन्हीकडे भरावे लागतात, आणि खाजगीत ते जास्त असतात. याउलट, ओपनमधला मुलगा, उत्पन्न ८ लाखांच्या थोडंसं वर, सवलत कुठलीच नाही: या घराला अनुदानित कॉलेजचा जो फायदा आहे तो दुसऱ्या कुणाला नाही. उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओपनवाल्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला आणि राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती या दोन्हींची चौकशी आधी करावी, मग फीची तुलना.

स्वस्ताईला आणखी एक किंमत आहे, ती कागदांची. जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रीमी लेअर, उत्पन्नाचा दाखला. यातलं एखादं वेळेत नसेल तर मुलाला ओपनमध्ये ढकलतात आणि मग ना तो कटऑफ लागू, ना ती सवलत. पडताळणीला महिने लागतात. आमची फाइल ज्या कार्यालयात होती तिथे माझ्या आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं आडनाव आणि वडिलांच्या दाखल्यावरचं आडनाव यातल्या एका वेलांटीवरून ती अडून बसली. शेवटी प्रतिज्ञापत्र केलं तेव्हा सुटली. मूल अकरावीत असतानाच हे काम उरकून टाका. बारावीच्या मे महिन्यात सेतू केंद्रापुढची रांग बघवत नाही.

इथे मॅनेजमेंट कोटा नावाची भानगड नाही. याचं महत्त्व मला आमच्या प्रवेशाच्या वेळी कळलं. कॅपचे राउंड चालू असताना मेव्हण्याच्या ओळखीने एका खाजगी कॉलेजात जाऊन आलो होतो, कॉम्प्युटरची सीट मिळते का बघायला. ऑफिसातल्या गृहस्थांनी चहा मागवला, लेकीचे पर्सेंटाइल ऐकून "हुशार आहे हो" म्हणाले, आणि मग एका चिठ्ठीवर आकडा लिहून चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. तोंडाने एक शब्द नाही. मी वाचल्यावर चिठ्ठी परत घेतली, फाडली आणि खिशात टाकली. टोपलीतसुद्धा नाही, खिशात! तिथून बाहेर पडल्यावर लेक म्हणाली, "बाबा, मला इलेक्ट्रिकलच घ्यायचंय." ती मनापासून म्हणाली की माझं तोंड बघून, ते मी आजवर विचारलेलं नाही.

तर आता खरा प्रश्न, ज्यावर फोनवर सगळ्यात जास्त वेळ जातो: कॉलेज की ब्रँच? व्हीजेटीआयचं कॉम्प्युटर ओपनला ९९.५ पर्सेंटाइलच्याही वर बंद होतं. आयटी त्याच्या पाठोपाठ. मग इलेक्ट्रॉनिक्सवाल्या ब्रँचेस, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, सिव्हिल, आणि ज्या टेक्सटाइलसाठी हे कॉलेज मुळात जन्माला आलं ते सगळ्यात खाली. म्हणजे बऱ्याच मुलांपुढे पर्याय असा येतो: इथे इलेक्ट्रिकल, नाहीतर दुप्पट पैसे देऊन दुसरीकडे कॉम्प्युटर.

आमच्या घरात यावर तह होईपर्यंत आठवडा गेला. मेव्हणा आयटीत आहे, त्याचं म्हणणं, जग कोडिंगवर चाललंय, मोटारी काय मोजताय. माझं मत तेव्हाही वेगळं होतं, आजही आहे. ज्या मुलाला यंत्र बघून हात शिवशिवतात त्याने इथली मेकॅनिकल-इलेक्ट्रिकल डोळे मिटून घ्यावी. ज्याला फक्त आणि फक्त कोडच लिहायचाय त्याने निव्वळ नावासाठी इथलं टेक्सटाइल घेऊन चार वर्षं कुढत बसू नये, बाहेरचं बऱ्यापैकी कॉम्प्युटर घ्यावं. आणि टेक्सटाइलमध्ये खरोखर रस असलेला मुलगा मात्र या शहरात दुसरीकडे कुठे जाणार?

शिकवणं कसं आहे याचा अंदाज मला दोन गोष्टींवरून आला. पहिल्या वर्षी सगळ्याच ब्रँचला वर्कशॉप असतं. लेकीने फिटिंगचा जॉब आणून दाखवला. एका पट्टीला चौकोनी खाच आणि दुसरीला त्यात बसणारा दात, दोन्ही हाताने कानस मारून केलेले. मी माझा काटकोन तपासायचा गुण्या काढला, तिन्ही बाजूंना लावला, मग जॉब जोडून ट्यूबलाइटकडे धरला. एका कोपऱ्यातून केसाएवढा उजेड येत होता, बाकी सगळीकडे काळोख. आमच्या आयटीआयच्या इन्स्ट्रक्टरांनी तेवढ्या उजेडावर पुन्हा घासायला लावला असता. पण इंजिनिअरिंगच्या पोरीच्या हातून पहिल्या खेपेला हे निघालं, म्हणजे कुणीतरी शेजारी उभं राहून कानस धरायला शिकवलं होतं. हल्ली जॉब बाहेरून विकत आणून दाखवतात असंही ऐकतो, त्यामुळे मी बघितलं ते नीट बघितलं.

दुसरी गोष्ट ड्राइव्हची. नव्या लिफ्टमध्ये मोटारीचा वेग व्हीएफडी हा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह सांभाळतो, फ्रिक्वेन्सी कमी केली की वेग कमी. मी इतकी वर्षं ते बसवतोय, पॅरामीटर कंपनीच्या पुस्तकातून टाकतोय, पण फ्रिक्वेन्सी उतरवताना व्होल्टेजही का उतरवायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लेकीने वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं: फ्रिक्वेन्सी निम्मी केली आणि व्होल्टेज तेवढंच ठेवलं तर मोटारीच्या लोखंडातलं चुंबकत्व त्याच्या मर्यादेबाहेर जातं, करंट भसाभस वाढतो, वाइंडिंग तापतं. म्हणून दोघांचं गुणोत्तर कायम ठेवायचं. शेवटी पुस्ती जोडली, अगदी कमी वेगाला मात्र व्होल्टेज थोडं जास्त द्यावं लागतं, कारण वाइंडिंगच्या रेझिस्टन्समध्ये बरंच खर्च होतं. ते आमच्या पुस्तकातलं "टॉर्क बूस्ट"! परळच्या एका जुन्या सोसायटीत लिफ्ट सुटताना झटका देत होती, तो मी त्यानंतर अंदाजाने नव्हे, कळून काढला. फी वसूल झाली म्हणायचं तर ती त्या दिवशी झाली.

मात्र इथे कुणी मागे लागून अभ्यास करून घेईल, अशी अपेक्षा ठेवून मुलाला पाठवू नका. क्लासमध्ये रोज टेस्ट देऊन ९९ आणलेली मुलं पहिल्या सेमिस्टरला बावचळतात, कारण शेजारीही ९९वालाच बसलेला असतो. जे मिळतं ते बरंचसं सोबतच्या आणि वरच्या वर्गातल्या पोरांकडून. सोसायटी ऑफ रोबोटिक्स अँड ऑटोमेशन हा मुलांचाच क्लब, त्यात सिनिअर ज्युनिअरना शिकवतात. टेक्नोव्हान्झा या कॉलेजच्या टेक फेस्टिव्हलच्या दिवसांत तर लेक घरी फक्त झोपायला येते. पालकांच्या घोळक्यात कुणीतरी अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकरांचं नाव काढतंच. ते इथूनच १९६३ मध्ये मेकॅनिकल होऊन बाहेर पडले हे खरं, पण त्यावरून आपल्या पोराची ब्रँच ठरवायची नसते.

प्लेसमेंटबद्दल एकच सांगतो. सरासरी पॅकेज विचारू नका. दोन-चार मोठे आकडे सरासरी वर ओढतात आणि ते बहुधा कॉम्प्युटरचे असतात. आपल्या ब्रँचचा मधला आकडा विचारा, किती मुलं बसली आणि किती लागली ते विचारा. कुठल्याही कॉलेजात विचारा. जे लोक हे सांगताना विषय बदलतात त्यांच्याबद्दल तेवढी माहिती पुरेशी आहे.

जाण्यायेण्याचं: मध्य रेल्वेवाल्यांनी स्लो लोकल धरावी, फास्ट माटुंग्याला थांबत नाही. स्टेशनवरून फुलबाजार ओलांडून पाच बागांच्या बाजूने चालत जाता येतं, झाडी भरपूर. हार्बरवाल्यांना किंग्ज सर्कल सोयीचं. रेल्वेचा विद्यार्थी पास काढला की प्रवास जवळजवळ फुकट. खरा वाढीव खर्च पोटाचा. उडप्यांच्या गल्लीत चार मैत्रिणी असल्या की डोसा एकावर थांबत नाही.

मुंबईबाहेरच्यांनी मात्र स्वस्ताचा हिशोब पुन्हा मांडावा. हॉस्टेलच्या जागा मर्यादित, आणि ते हुकलं तर दादर-माटुंग्यात कॉट बेसिसवर राहून मेस लावली की राहण्याखाण्याचा खर्च फीच्या वर जातो. सांगलीच्या माझ्या मित्राला मी म्हणूनच सांगितलं, आधी तुमच्या बाजूचं कराडचं शासकीय अभियांत्रिकी बघ. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मिळतो, त्याचा अर्ज विसरू नये.

मुंबईत राहूनच कमी फीचं हवं असेल तर यादीत आणखी दोन नावं घाला. अंधेरीचं सरदार पटेल, १९६२ पासूनचं, तेही अनुदानित. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल. नीट नाव वाचून भरा, कारण त्याच आवारात जवळपास त्याच नावाचं विनाअनुदानित कॉलेजही आहे आणि फीत मोठं अंतर आहे. केमिकलकडे ओढा असेल तर व्हीजेटीआयच्या शेजारचंच आयसीटी, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. फॉर्म भरताना क्रम मनापासूनचा लावा. पहिल्या पसंतीची सीट लागली की ती आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की होते, मग "मला खरं तर दुसरं हवं होतं" म्हणून उपयोग नाही.

आणि ज्यांना बारावी-सीईटीची शर्यत झेपणार नाही असं वाटतं त्यांनी दहावीनंतर डिप्लोमाचा विचार करावा. माझा पुतण्या वांद्र्याला खेरवाडीच्या शासकीय तंत्रनिकेतनात आहे. फी किरकोळ, हात कामाला लागलेला, आणि चांगले मार्क पडले तर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. त्याचा डोळाही माटुंग्यावरच आहे. सध्या सुट्टीत माझ्याबरोबर लिफ्टच्या कामावर येतो आणि टॉर्क बूस्ट म्हणजे काय हे मला समजावून सांगू पाहतो. मी ऐकून घेतो.