काळ्या शेवाळावर ‘फ्लोरिश एक्सेल’: उपयोग आणि मर्यादा

पाणवनस्पतींच्या टाकीत अनुबियासच्या पानांच्या कडांवर आणि फिल्टरच्या तोंडाशी आखूड, काळपट झुपके धरू लागले, की अनेक दुकानदार सीकेम कंपनीच्या ‘फ्लोरिश एक्सेल’ची बाटली पुढे करतात. कंपनी हे द्रावण शेवाळनाशक म्हणून विकत नाही. वनस्पतींना सेंद्रिय कार्बन पुरवणारे पूरक म्हणून विकते. तरीही बहुतेक लोक ते शेवाळासाठीच विकत घेतात, म्हणून या परीक्षणात त्याच कसोटीवर ते तपासले आहे. माझे मत असे, की ‘ब्लॅक बियर्ड’ या चिवट काळ्या शेवाळावर इतके नेमके काम करणारे आणि सहज मिळणारे दुसरे द्रावण क्वचितच सापडेल. मात्र टाकीत शेवाळ का वाढते, या प्रश्नाला ते हातही लावत नाही.

यातील मुख्य घटक ग्लुटाराल्डिहाइडचेच एक रूप आहे. रुग्णालयांत एन्डोस्कोपसारखी उपकरणे निर्जंतुक करण्यासाठी वापरतात, त्याच कुळातले हे रसायन असल्याने हातमोजे घालूनच बाटली उघडावी, वाफ हुंगू नये आणि लहान मुलांच्या हाती ती लागू देऊ नये.

मात्रेच्या बाबतीत काटेकोर राहणे फार गरजेचे आहे. सुरुवातीला किंवा ४० टक्क्यांहून अधिक पाणी बदलल्यावर ४० लिटरला ५ मिली, आणि त्यानंतर रोज किंवा एक दिवसाआड २०० लिटरला ५ मिली, असे कंपनीचे प्रमाण आहे. दोन फुटी टाकीत दगड, माती वजा जाता सुमारे ५० लिटर पाणी असते, असे धरले, तर पहिली मात्रा सव्वासहा मिली आणि रोजची जेमतेम सव्वा मिली होते. झाकणाने इतके कमी माप अचूक घेता येत नाही, म्हणून औषधाच्या दुकानातून बिनसुईची छोटी सिरिंज आणावी. रोजची तीच मात्रा सिरिंजमध्ये भरून, फिल्टर बंद करून, पाणी स्थिर झाल्यावर टोक झुपक्याजवळ नेऊन थेंब थेंब सोडावी आणि दहा मिनिटांनी फिल्टर पुन्हा सुरू करावा. काही दिवसांत झुपके आधी गुलाबी-लालसर आणि मग करडे-पांढरे पडतात. हे शेवाळ मुळात लाल शेवाळांच्या गटातले असल्याने मरताना त्याचा दडलेला रंग उघडा पडतो. असे मेलेले झुपके अमानो कोळंबी आवडीने खाते, एरवी जिवंत काळ्या शेवाळाकडे ती फारशी वळत नाही. लवकर गुण यावा म्हणून मात्रा दुप्पट-तिप्पट करण्याचा सल्ला काही जण देतात, तो मला अजिबात मान्य नाही, कारण जादा मात्रेने मासे आणि कोळंबी दगावू शकतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो.

व्हॅलिस्नेरिया असलेल्या टाकीत हे द्रावण घालूच नये. तिची पाने अनेकदा विरघळल्यासारखी गळून जातात. रिकिया आणि मॉससारख्या काही मऊ वनस्पतीही नाजूकच. काचेवरचे घट्ट हिरवे ठिपके याने फारसे हटत नाहीत. ते पात्याने खरवडावेत आणि पाण्यात फॉस्फेट फार कमी पडले आहे का, ते पाहावे. मातीवर पसरणारा, कुबट वासाचा निळसर-हिरवा बुळबुळीत थर हे तर खरे शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया असतात, त्यांच्यासाठी ही बाटली घेऊ नये. नव्या टाकीतील तपकिरी थर बहुधा काही आठवड्यांत आपोआप जातो.

झुपके पुन्हा उगवतात, तेव्हा लोक बाटलीला दोष देतात. तो अन्यायच आहे. खिडकीतून येणारे ऊन, दहा-बारा तास चालू राहणारा दिवा, माशांना घातलेले जादा खाणे, फिल्टरमध्ये साचलेला गाळ आणि झाडांसाठी सिलिंडरमधून सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचे कमीजास्त होणारे प्रमाण, ही नेहमीची कारणे आहेत. दिव्याला टायमर लावून तो सहा ते आठ तासांवर आणावा, दर आठवड्याला तिसरा हिस्सा ते निम्मे पाणी बदलावे आणि झाडे दाट लावावीत. एवढे करूनही जुन्या पानांवर उरलेल्या झुपक्यांसाठी एक्सेल उत्तम आहे. सिलिंडरची जागा मात्र ते घेऊ शकत नाही. लाल पानांची, वेगाने वाढणारी झाडे ठेवणाऱ्यांनी तशी अपेक्षा धरू नये.

अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन अशी संथ वाढणारी झाडे असलेल्या छोट्या टाकीसाठी मी हे द्रावण निःसंकोच सुचवेन. अशा टाकीला रोज सव्वा मिली लागत असल्याने एका वेळी ४० टक्क्यांहून अधिक पाणी बदलले नाही, तर २५० मिलीची बाटली सहा महिन्यांहून अधिक पुरते, त्यामुळे दोन लिटरच्या मोठ्या बाटलीच्या मागे लागण्याचे कारण नाही. विकत घेताना झाकणाचे सील शाबूत आहे ना, हे पाहावे आणि घरी ती थंड, अंधाऱ्या जागी ठेवावी.