ओट्यावरचा टॉवर की फ्रिजच्या दारातली तोटी?

पोर्टलंडजवळच्या आमच्या पहिल्या घरात, मी घरी केलेली बिअर ग्लासात घ्यायला ओट्यावर टॉवर, म्हणजे तोटी बसवलेला धातूचा खांब, होता. तीन वर्षं वापरला. आत्ताच्या घरात उभ्या फ्रिजच्या दारातून तोट्या काढल्या आहेत, त्याला चौथं वर्ष चालू आहे. स्वयंपाकघर नव्याने करायला काढलेले दोन-तीन मित्र गेल्या काही महिन्यांत हाच प्रश्न घेऊन आले आणि प्रत्येकाला फोनवर सांगताना काही ना काही राहून गेलं. म्हणून एकदा सविस्तर लिहितो. केग (बिअरचं पिंप), तिच्यावर दाब देणाऱ्या कार्बन डायऑक्साइड वायूचा सिलिंडर आणि तो दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालतो. आणि हे सगळं अमेरिकेतल्या घरापुरतं आहे. इथे १९७८ च्या केंद्रीय कायद्याने घरी बिअर करायला मोकळीक मिळाली, घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, परवान्याशिवाय हा उद्योग करता येत नाही.

स्वयंपाकघरात मिसळून जाईल असं का हवं, तेही सांगतो. आई सांगलीहून येते तेव्हा पाच-सहा महिने राहते आणि आमचं देवघर स्वयंपाकघरातच आहे. तिने कधी काही म्हटलं नाही. पण सकाळी तिने दिवा लावताना शेजारी चकचकीत बार उभा असू नये, असं मलाच वाटतं.

त्या दृष्टीने टॉवर वाईट नाही. ओट्याखाली २४ इंच रुंदीचा फ्रिज, त्यावर बाकीच्या कपाटांसारखंच दार आणि वर फक्त एक खांब. दिसायला तो सिंकच्या नळाचा भाऊ वाटतो. त्याच्याखालची ठिबकथाळी आम्ही दगडातच बसवून घेतली होती आणि प्लंबरने तिचा पाइप सिंकच्या पाइपला जोडून दिला होता. ते सुख आजही आठवतं. सांडलेला थेंब आपोआप जायचा, पुसायला काही उरायचं नाही.

दोन गोष्टी मात्र आधी बघा. ओट्याखाली कोंडायचा फ्रिज गरम हवा पुढच्या बाजूने सोडणाराच हवा. मोकळा ठेवायचा फ्रिज कपाटात बसवलात तर कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही. दुसरं म्हणजे ग्रॅनाइटमधलं भोक. हिऱ्याच्या पात्याने, पाणी सोडत पाडलेलं ते तीन इंचांचं भोक कायमचं असतं. घर विकायला काढलं तेव्हा त्यावर स्टीलची चकती बसवावी लागली. बघायला येणारा प्रत्येक जण तिथेच थांबून विचारायचा.

पण यातल्या कशासाठीही मी टॉवर सोडला नसता. सोडला तो पहिल्या ग्लासामुळे.

फ्रिजमध्ये बिअर ३८ अंश फॅरनहाइटला गार आणि टॉवरची धातू खोलीइतकी, म्हणजे सत्तरच्या आसपास. तोटी उघडली की बिअर त्या कोमट नळीतून आणि कोमट तोटीतून येते, वायू सुटतो आणि ग्लासात पाऊण फेस. टॉवरमधल्या नळीत मावणारी बिअर जेमतेम दोन-तीन चमचे असते, पण तेवढ्याने मागून येणाऱ्या सगळ्या ग्लासाचा विचका होतो. मी वायूचा दाब १२ पीएसआयवरून (दर चौरस इंचाला पौंड) १० वर आणला. नळीची लांबी सहा फुटांवरून दहा फूट केली. त्याने दुसरा ग्लास सुंदर यायला लागला. पहिला तसाच राहिला.

इथे एक गोष्ट उशिरा लक्षात आली. टॉवर वाईट आहे असं नाही, तो बारसाठी आहे. बारमध्ये ग्लासामागून ग्लास भरला जातो, त्यामुळे टॉवर गारच राहतो. दिवाळीच्या पार्टीला आमच्याकडेही तो अप्रतिम चालायचा. पण एरवी मी संध्याकाळी एकच ग्लास घेतो. म्हणजे माझा प्रत्येक ग्लास पहिलाच. महिनाभर खपून केलेली बिअर, आणि रोज त्यातली निम्मी फेस म्हणून सिंकमध्ये ओतायची, हे मला सहन होईना.

उपाय केला. कॉम्प्युटरचा छोटा पंखा फ्रिजमध्ये बसवून पाइपने गार हवा टॉवरमध्ये वर सोडली. फेस बराच कमी झाला. पण उन्हाळ्यात टॉवरलाच बाहेरून घाम सुटायला लागला, ओघळ दगडावर यायचे, आणि रात्री घर शांत झालं की पंख्याची घरघर ऐकू यायची. ज्या वस्तूने स्वयंपाकघरात मिसळून जायचं, तिच्याकडेच सारखं लक्ष जाऊ लागलं.

आताची मांडणी साधी आहे. कपाटांच्या रांगेच्या टोकाला एक उभा, बिनफ्रीझरचा फ्रिज. त्याच्या दाराला कपाटांसारखीच पाऊण इंची प्लायची फळी, आणि दार व फळी मिळून आरपार जाणाऱ्या तीन तोट्या छातीच्या उंचीवर. तोटीची दांडी मागच्या टोकाला थेट फ्रिजच्या गारव्यात असते, त्यामुळे मधे कोमट टापूच राहत नाही, फक्त बाहेरचं चोचीएवढं टोक. पहिला ग्लास दोन बोटं फेसाचा येतो. थर्मामीटर लावून मोजलं नाही, पण इतक्या वर्षांत फेस ओतून टाकायची वेळ क्वचितच आली.

भोक दारातच पाडा, हे मात्र आग्रहाने सांगतो. हल्लीच्या फ्रिजमध्ये गॅसच्या नळ्या बाजूच्या पत्र्यात लपवलेल्या असतात. एका नळीला ड्रिल लागलं की फ्रिज गेला. दारात त्या नसतात. फक्त पाण्याच्या यंत्राची किंवा दिव्याची वायर नसलेलं दार निवडा.

त्रास इथेही आहेत. दारासोबत आतल्या नळ्या फिरतात, म्हणून त्यांना ढील द्यावी लागते, नाहीतर केग बदलताना त्या अडकतात. फळीच्या वजनाने बिजागऱ्या थोड्या खाली आल्या, दोनदा कसाव्या लागल्या. ठिबकथाळीला पाइप नाही, ती मी रोज धुतो. तोट्या आतली झडप पुढच्या बाजूला असलेल्या, स्टेनलेस स्टीलच्याच घ्या. मागून बंद होणाऱ्या तोटीत उरलेली बिअर सुकते आणि चार दिवसांनी ती चिकटून बसते. नळ्या दर १४ दिवसांनी धुवायच्या, ते दोन्हीकडे सारखंच.

मिसळून जाण्याबाबत टॉवर कदाचित थोडा सरस असेल, कारण तोट्यांच्या मुठी दारावर दिसतात. आई यायच्या आधी मी त्या उतरवून खणात ठेवतो. मग दारावर तीन लहान टोकं उरतात, हँडलसारखी. तिसऱ्या तोटीला मी बिअर जोडतच नाही. तिथे नुसतं सोड्याचं पाणी असतं, आणि घरून आलेल्या कोकमाच्या आगळात साखर-मीठ घालून वर तो सोडा सोडला की आईसुद्धा दुपारी स्वतः उठून ग्लास भरते.

दर शनिवारी दहा-पंधरा माणसं घरी जमत असतील, ओटा नवीनच बसणार असेल आणि थाळीचा पाइप सिंकला जोडता येत असेल, तर टॉवर घ्यायला माझी हरकत नाही. पंख्याची सोय मात्र पहिल्या दिवसापासून करा. पण माझ्यासारखे रोज एखाद्या ग्लासाचे धनी असाल, तर मी तुम्हाला दाराकडेच ढकलेन. ठरत नसेल तर दगडवाल्याला होकार देण्याआधी एक आठवडा आपण किती ग्लास घेतो आणि दोन ग्लासांमध्ये किती वेळ जातो, ते फ्रिजवरच्या कागदावर लिहून ठेवा.