एफईसीची सायट: उभं राहायचं ठरायच्या आधीचाही हिशोब मागणारी सर्व्हिस

अमेरिकेच्या फेडरल इलेक्शन कमिशनची ही सायट फुकट आहे, लॉगिन लागत नाही, आणि गोव्यात ज्यांना पॉलिटिक्सचं वेड आहे त्यांनी ती बघावीच. सर्चमध्ये सिनेट, राज्य आणि वर्ष टाकलं की उमेदवारांची यादी येते, नावावर क्लिक केलं की पैसे कुठून आले, कुठे गेले सगळं समोर. २०० डॉलरच्या वर देणाऱ्याचं नावसुद्धा दिसतं.

मला सगळ्यात जास्त आवडला तो तिथला चाचपणीचा नियम. सिनेटची पोटनिवडणूक लागली की तिथेही आधी उभं राहू की नको हेच चालतं. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर टेड केनेडी ऑगस्ट २००९ मध्ये वारले तेव्हा त्यांचा पुतण्या जोसेफ उभा राहणार अशी जोरदार चर्चा, त्याने नको म्हटलं, आणि जानेवारी २०१० मध्ये ती सीट रिपब्लिकन स्कॉट ब्राऊन घेऊन गेला. तर असा विचार चालू असताना माणूस सर्व्हे करू शकतो, फिरू शकतो, नोंदणी न करता, पण हिशोब ठेवायचा. उमेदवार झाला आणि जमवलेला किंवा खर्चलेला पैसा ५,००० डॉलरच्या वर गेला की १५ दिवसांत फॉर्म २, म्हणजे उमेदवारीची नोंद, भरायचा आणि आधीचा खर्चपण पहिल्या रिपोर्टात दाखवायचा.

आता आपल्याकडे बघा. मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ ला गेले, पणजीची पोटनिवडणूक १९ मेला झाली, मधल्या काळात भाजपचं तिकीट पर्रीकरांचा मुलगा उत्पल की माजी आमदार सिद्धार्थ कुंकळ्येकर यावर सगळ्या शहरात चर्चा, शेवटी तिकीट कुंकळ्येकरांना आणि सीट काँग्रेसच्या बाबूश मोन्सेरातकडे. पण आपल्या कायद्यात उमेदवाराचा खर्च मोजतात तो अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतच. त्याआधी महिनोन्‌महिने वह्या वाटप, क्रिकेट टूर्नामेंट, भजनी मंडळांना मदत, हे आता गोव्यात आमदारकीच्या उमेदवाराला असलेल्या २८ लाखांच्या खर्चमर्यादेत धरतच नाहीत. हे बदललंच पाहिजे, इच्छुक माणूस पैसे कुठून आणतो हे मतदाराला कळायला नको का?

एक स्टार कापतेय तो नियमातल्या फटीसाठी, जो शेवटी उभाच राहत नाही त्याला रिपोर्ट द्यावाच लागत नाही, म्हणजे त्याच्या चाचपणीला पैसा कोणी दिला हे आपल्याला सायटवर शोधून मिळणार नाही. बाकी ५ पैकी ४.

नवीन असाल तर ओहायोपासून सुरुवात करा. व्हान्स उपराष्ट्राध्यक्ष झाल्यामुळे रिकाम्या झालेल्या सीटची पोटनिवडणूक, ३ नोव्हेंबर २०२६, डेमोक्रॅट शेरॉड ब्राऊन आणि रिपब्लिकन जॉन हस्टेड या दोघा उमेदवारांची पानं शेजारी उघडून वाचा, आणि लॅपटॉपवर वाचा, टेबलं रुंद आहेत.